ॲव्हरेजच्या पलीकडे बघा: नागपुरातल्या सॉफ्टबॉल प्रशिक्षकांना आणि निवडकर्त्यांना खुले पत्र

नागपुरातले सॉफ्टबॉल प्रशिक्षक, शाळा-कॉलेजांतले क्रीडाशिक्षक आणि निवडीच्या टेबलामागे बसणारे सर्व सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ट्रायलचे दिवस तोंडावर आलेत. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या याद्या लागतील आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी पालक मैदानाच्या फाटकाशी तुम्हाला गाठून विचारतील, "सर, आमच्या पोट्टीचं ॲव्हरेज तर चांगलं होतं, मंग काहून नाही घेतलं?" त्याच यादीत दुसरी एखादी मुलगी निव्वळ ॲव्हरेजच्या जोरावर आत आलेली असेल. मला बोलायचंय ते या दोघींबद्दल, आणि त्याहून जास्त तिसरीबद्दल, जिच्यासाठी कुणीच भांडायला येत नाही.

मी मैदानाच्या कडेला बसून स्कोअरशीट भरणारा माणूस. खेळ शिकवणं तुमचं काम, त्यात मी नाक खुपसत नाही. पण मी भरलेल्या शीटवरून तुम्ही जो एक आकडा उचलता, ॲव्हरेज, म्हणजे हिट (फटक्यावर गाठलेले बेस) भागिले ॲट-बॅट (वॉकसारखे फुकटचे बेस आणि सॅक्रिफाइस सोडून उरलेली बॅटिंग), तो बॅटरबद्दल फार थोडं सांगतो. चहाच्या टपरीवर हे तुमच्यापैकी अनेकांशी बोलून झालंय. सगळे मान डोलावतात आणि ट्रायलच्या अर्जावर रकाना तोच राहतो. म्हणून आता उघडच लिहितो.

पूर्ण सामन्यात एका टीमच्या वाट्याला २१ आउट येतात. सात इनिंग, प्रत्येकीत तीन. स्थानिक स्पर्धांतला वेळेचा नियम आणि मोठ्या आघाडीवर सामना थांबवणारा नियम सोडला, तर या खेळात दुसरं काहीच संपत नाही. षटकं नाहीत, चेंडूंची मर्यादा नाही. तिसरा आउट होईपर्यंत रन (चारही बेस फिरून आली की एक) निघतच राहू शकतात. महिन्याच्या पगारासारखे हे २१ आउट पुरवून वापरायचे असतात. तेव्हा बॅटरला विचारायचा पहिला प्रश्न असा: तू बॅट घेऊन जितक्या वेळा उभी राहिलीस, त्यातल्या किती वेळा आउट न होता बेसवर गेलीस? याचं उत्तर ऑन-बेस पर्सेंटेजमध्ये आहे. हिट, वॉक (पिचरचे चार बॉल बाहेर पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) आणि अंगाला बॉल लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा आणि तिला ॲट-बॅट, वॉक, अंगाला लागलेले बॉल आणि सॅक्रिफाइस फ्लाय (उंच झेल जाऊनही रन काढून देणारा फटका) यांच्या बेरजेने भागा. सॅक्रिफाइस बंट (बॅट न फिरवता बॉल हलकेच टेकवणं) यात कुठेच येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या खुणेवरून मुलीने स्वतःचा आउट देऊन रनर पुढे सरकवली, तर त्याचा भुर्दंड तिच्या खात्यावर कशाला?

दोन मुली घेऊ. कुठल्या शाळेच्या नाहीत, कागदावरच्याच आहेत. दोघीही ४० वेळा बॅटिंगला आल्या. पहिलीला २ वॉक मिळाले. उरलेल्या ३८ ॲट-बॅटमध्ये तिने १३ हिट मारले, १२ सिंगल (एक बेस) आणि १ डबल (दोन बेस). ॲव्हरेज ०.३४२. दुसरीला १० वॉक मिळाले आणि एकदा बॉल अंगाला लागला. राहिलेल्या २९ ॲट-बॅटमध्ये तिचे ८ हिट, त्यांत ४ सिंगल, ३ डबल, १ होमरन (चारही बेस). ॲव्हरेज ०.२७६. आपल्या यादीत पहिली आत, दुसरी फार तर राखीव.

आता आउट मोजा. पहिली ४० पैकी १५ वेळा बेसवर गेली, २५ वेळा आउट झाली. दुसरी १९ वेळा बेसवर गेली, २१ वेळा आउट. ऑन-बेस पहिलीचं ०.३७५, दुसरीचं ०.४७५. हिटमधून कमावलेले बेस दोघींचे सारखेच, १४-१४. म्हणजे दुसरीने पहिलीइतकेच बेस मारले, वर नऊ बेस बॅट न लावता जास्त घेतले, आणि हे सगळं चार आउट कमी खर्चून. तरी ॲव्हरेजच्या यादीत ती ६६ पॉइंटांनी (म्हणजे ०.०६६ने) खाली!

"वॉक म्हणजे पिचरची चूक, त्यात पोरीचं काय?" हा प्रश्न ठरलेला. त्यासाठी शीटवरचा एक चौकोन जवळून बघा. मधोमध छोटा डायमंड, कोपऱ्यात बॉल-स्ट्राइकच्या खुणा (मारण्याच्या टप्प्याबाहेरचा सोडला तर 'बॉल', टप्प्यातला सोडला किंवा बॅट फिरवून चुकला तर 'स्ट्राइक'). पहिला बॉल बाहेरून गेला, सोडला. दुसरा खांद्याच्या वर होता, सोडला. या बॉलवर आपल्या निम्म्या मुली बॅट फिरवून मोकळ्या होतात. तिसरा स्ट्राइक. चौथा फाउल (रेषेबाहेर लागला, तोही स्ट्राइक), पाचवाही फाउल, कॅचरच्या मागच्या जाळीत, पण दोन स्ट्राइकनंतरचा फाउल मोजत नाहीत. सहावा खाली पडला, सोडला. तीन बॉल, दोन स्ट्राइक. सातवा प्लेटच्या कडेवरून इंचभर बाहेर, सोडला. चौकोनात मी 'बीबी', म्हणजे वॉक, लिहितो आणि होमपासून पहिल्या बेसपर्यंतची रेघ गडद करतो. पिचरने सात बॉल टाकले, तिचा दम गेला, पुढच्या बॅटरला तिचे बॉल बघायला मिळाले, पहिल्या बेसवर रनर आली. ॲव्हरेजच्या हिशेबात मात्र यातलं काही घडलंच नाही. शेजारच्या चौकोनात उलटा 'के' आहे, म्हणजे तिसरा स्ट्राइक उभ्या-उभ्या बघत आउट. त्याच पिचरचा तसाच बॉल. नजर कुणाची चांगली, हे शीट ओरडून सांगतंय, पण आपण ते वाचत नाही.

ॲव्हरेजवर आपला एवढा जीव का, तेही उघड आहे. आपण क्रिकेटवाले. विदर्भाने रणजी जिंकायला लागल्यापासून तर इथला पानठेलेवालासुद्धा ॲव्हरेज सांगतो. वासिम जाफरने २०१८-१९च्या मोसमात विदर्भासाठी १,०३७ धावा केल्या तेव्हा त्याचं ॲव्हरेज सगळ्यांना पाठ होतं, आणि त्याला अर्थही होता. क्रिकेटच्या ॲव्हरेजमध्ये वर धावा असतात आणि खाली बाद होणं. या दोन गोष्टींवरच सामना ठरतो. सॉफ्टबॉलच्या ॲव्हरेजमध्ये रन नाहीत, बेस नाहीत, वॉक नाही. सिंगल आणि होमरन तिथे एकाच मापाचे.

गंमत अशी की हा आकडा रूढ करणारा माणूस क्रिकेटमधूनच आला होता. हेन्री चॅडविक, इंग्लंडमध्ये जन्मलेला, अमेरिकेत आधी क्रिकेटच्या आणि मग बेसबॉलच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. बॉक्स स्कोअर त्याने घडवला आणि वॉक पिचरच्या खात्यात टाकला. १८८७मध्ये तिकडच्या मोठ्या लीगमध्ये वॉकला हिट धरून बघितलं. सगळ्यांची ॲव्हरेज फुगली आणि एकाच मोसमात नियम मागे घेतला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉकने बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने बांधून त्याचा बॉल केला, झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला, आणि आपला खेळ जन्मला. खेळ बोट क्लबच्या हॉलमधून ऑलिंपिकपर्यंत गेला, पण ॲव्हरेज जिथल्या तिथे. बेसबॉल संघ चालवणाऱ्या ब्रँच रिकीने १९५४मध्ये आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथच्या हिशेबांच्या आधारे 'लाइफ' मासिकात लिहिलं की बेसवर पोहोचणं हे ॲव्हरेजपेक्षा मोठं माप आहे. तरी मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोठ्या बेसबॉल लीगच्या, अधिकृत आकड्यांत ऑन-बेसला जागा मिळायला १९८४ उजाडलं. "बघा, त्यांनीही घाई केली नाही" असं म्हणणारे आपल्यात निघतील, हे गृहीत धरूनच सांगतोय.

दुसरा रकाना स्लगिंगचा. सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होमरनला चार, अशी बेसची बेरीज भागिले ॲट-बॅट. आपली पहिली ०.३६८, दुसरी ०.४८३. ऑन-बेस आणि स्लगिंग मिळवले की ओपीएस होतो, पहिलीचा ०.७४३, दुसरीचा ०.९५८. घाईत एकच आकडा हवा असेल तर हा चालेल, ॲव्हरेजपेक्षा कितीतरी शहाणा आहे. पण त्यात एक खोट आहे. दोन्ही भाग सारख्या वजनाने मिळवले जातात, आणि बेसबॉलच्या अभ्यासकांच्या हिशेबाने रन काढण्याच्या कामी ऑन-बेसचा एक पॉइंट स्लगिंगच्या पावणेदोन पॉइंटांच्या आसपास भरतो. शिवाय स्लगिंग सांगतं की एक होमरन म्हणजे चार सिंगल. रन मोजून बघितलं तर तसं नसतं.

बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक टॉम टँगो यांनी यासाठी वेटेड ऑन-बेस ॲव्हरेज मांडलं. त्यात प्रत्येक गोष्टीला ती सरासरी किती रनला हातभार लावते यावरून वजन दिलं जातं. मेजर लीगमध्ये ढोबळमानाने वॉक ०.७, सिंगल ०.९, डबल सव्वा, होमरन दोन. बघा, वॉक सिंगलच्या तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्तच आणि होमरन सिंगलच्या सव्वादोन पटींपाशी. हीच वजनं आपल्या कागदी मुलींना लावली तर पहिली ०.३३६ आणि दुसरी ०.४२६ येते. ही वजनं जशीच्या तशी आपल्याकडे लावा असं मी म्हणत नाही. ती नऊ इनिंगच्या, दुसऱ्या मैदानाच्या, दुसऱ्या बॉलच्या खेळातून काढलेली आहेत. सॉफ्टबॉलमध्ये वरच्या पातळीवर एक-एक रन ओढून काढावा लागतो. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला हरवलं ते २-० असं. अशा सामन्यात बंटची किंमत वाढते. पण ऑन-बेस आधी आणि लांब हिट नंतर हा क्रम त्याने बदलत नाही.

आरबीआयबद्दल, म्हणजे बॅटरच्या खेळीवर निघालेल्या रनबद्दल, थोडक्यात. तो रकाना काढूनच टाका. चौथ्या नंबरवर खेळणारीच्या आधी दोन चांगल्या मुली असल्या की आरबीआय आपोआप येतात. नवव्या नंबरवर तीच मुलगी कोरडी राहते. काढलेल्या रनचंही तसंच, ते मागून येणारीवर अवलंबून. अर्जाला जोडलेल्या बातम्यांच्या कात्रणांवर तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडच्या बातम्यांत प्रत्येक रन 'होमरन' म्हणून छापला जातो. तेवढे होमरन खरंच मारले असते तर नागपूरच्या मुली लॉस एंजेलिस २०२८च्या ऑलिंपिकला पोहोचल्या असत्या.

आता खरी अडचण. ती तुमच्यापैकी जाणकार काढतीलच, म्हणून मीच काढतो. हे सगळे आकडे जिथे पिचर नेमकी असते आणि फिल्डिंग पक्की असते तिथले आहेत. आपल्या शालेय सामन्यात पहिल्या फेरीत समोरची पिचर डझनभर वॉक देते. त्या दिवशी बॅट खांद्यावर ठेवून उभी राहिलेली कुणीही ऑन-बेसची राणी. मान्य. म्हणून त्या सामन्यातले वॉक त्याच सामन्यातल्या बाकी मुलींशी ताडून बघायचे. सगळ्या टीमला वॉक मिळाले असतील तर तिच्या तीन वॉकचं कौतुक नको. टीमला मोजके मिळाले आणि त्यातले तीन तिचे, तर ती मुलगी सोडू नका. पिचर बदलली की आकडाही बदलतो. मेजर लीगमध्ये कारकिर्दीतलं सर्वांत मोठं ऑन-बेस टेड विल्यम्सचं, ०.४८२. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रदर्शनी लढतीत सॉफ्टबॉलची पिचर जोन जॉइस त्याच्यासमोर उभी राहिली आणि या माणसाला तिचा बॉल धड लावता आला नाही. शाळकरी मुलीच्या आकड्याशेजारी तो कुणासमोर आला हे लिहिलेलं नसेल, तर त्यातून काय कळणार?

दुसरं, एरर, म्हणजे फिल्डरची चूक. आपली मैदानं मुरुमाची, कुठे गवत, कुठे खडा. साधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) समोर उसळतो आणि खांद्यावरून जातो. तो हिट की एरर, हे ठरवतो मी. माझ्या जागी दुसरा बसला तर वेगळं ठरवील, आणि मुलीचं ॲव्हरेज तेवढ्याने वर-खाली होईल. ज्या आकड्यावर कुणाची निवड ठरते तो माझ्यासारख्याच्या त्या क्षणीच्या मतावर इतका टेकलेला असणं मला स्वतःलाच पटत नाही. वॉकमध्ये असं काही नाही. चार बॉल म्हणजे चार बॉल, अंपायरने दिले, मी लिहिले.

एररवर बेस मिळाला तर ॲव्हरेज आणि ऑन-बेस दोन्हींत तो आउटसारखाच धरतात. वरच्या पातळीवर ठीक आहे. पण आपल्याकडे बेस १८.२९ मीटरवर आणि फिल्डर घाईत. पळणारी मुलगी चपळ असेल तर ती घाईच एरर करवते. डावखुऱ्या स्लॅपरकडे बघा, बॉल येताना पाय पहिल्या बेसकडे निघालेले आणि बॅट शॉर्टस्टॉपच्या दिशेने. अमेरिकेच्या नताशा वॉटलीने या एका कसबावर ऑलिंपिक गाजवलं. अशा मुलीचं स्लगिंग बघून तिला नाकारणं म्हणजे तिच्याकडे जे नाही तेच मोजणं. एररवर किती वेळा बेस गाठला हा वेगळा छोटा रकाना ठेवा, ऑन-बेसमध्ये मिसळू नका. एका सामन्यात तो नशीब असेल, पण वर्षभर तीच मुलगी तशी पोहोचत असेल तर ते तिच्या पायांचं काम आहे.

आणि स्ट्राइकआउट. मेजर लीगमध्ये स्ट्राइकआउट इतर आउटपेक्षा फारसा वाईट धरत नाहीत, कारण तिथे मैदानात मारलेला साधा ग्राउंडरही बहुतेक वेळा आउटच होतो. आपल्याकडे तो उचलावा लागतो, फेकावा लागतो आणि पहिल्या बेसवरच्या मुलीने झेलावा लागतो. तिन्ही गोष्टी सलग बरोबर होण्याची खात्री तुम्ही तरी द्याल का? शालेय पातळीवर बॉल खेळात आणणं हीच अर्धी कमाई आहे, म्हणून दर किती बॅटिंगमागे एक स्ट्राइकआउट हे मी ऑन-बेसच्या लगेच खाली बघेन. तिसरा स्ट्राइक कॅचरकडून सुटला म्हणून पळून बेस गाठणाऱ्या बहाद्दर पोरी आपल्याकडे कमी नाहीत, पण शीटवर तो स्ट्राइकआउटच.

आणखी एक, आणि हे सर्वांत जास्त टोचतं. आपल्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलेल्या शाळेची मुलगी दोन-तीनदा बॅटिंग करून घरी जाते. २० ॲट-बॅटमध्ये ६ हिट म्हणजे ०.३००, ७ म्हणजे ०.३५०. मुरुमातली एक उसळी आणि मुलगी यादीत सात जागा वर. अमेरिकेच्या लिसा फर्नांडिसचं २००४च्या अथेन्समधलं ०.५४५ ॲव्हरेज हा ऑलिंपिक विक्रम आहे, पण त्यात सामने होते नऊच. ती ग्रेट होती यात वाद नाही, फक्त ते नऊ सामन्यांनी सिद्ध झालं नाही, आधीच्या वर्षांनी केलं. आपण मात्र एका स्पर्धेवर, आणि ट्रायलच्या सकाळी प्रशिक्षकाने हळू टाकलेल्या दहा बॉलवर निकाल लावतो. ट्रायलमध्ये स्विंग दिसतो, बॉलला लागणारा ठोका दिसतो, आणि ते बघायलाच हवं. तिथे तुमच्या नजरेची बरोबरी माझं शीट करू शकत नाही. पण सोडायचा बॉल सोडता येतो का, हे ट्रायलमध्ये दिसणारच नाही, कारण तिथे बॉल सोडणारीला "अगं मार ना" म्हणून ओरडतात.

यावर काय अवलंबून आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जिल्ह्यातून विभाग, तिथे वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मुली, मग राज्य. दहावी-बारावीचे ग्रेस गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे. तीन वॉक घेऊन एका ॲट-बॅटमध्ये रिकामी गेलेली मुलगी, जिच्या नावापुढे ०.००० लागतं आणि शेऱ्यात 'बॅटिंग साधारण' लिहिलं जातं, तीच ती तिसरी. तिचे आईवडील भांडायला येत नाहीत, कारण त्यांनाही ते शून्य खरं वाटतं.

मागणी छोटी आहे. या वर्षीच्या अर्जात ॲव्हरेज राहू द्या, पालकांना ते लागतं. त्याच्या शेजारी एकूण किती वेळा बॅटिंग, ऑन-बेस, स्लगिंग आणि स्ट्राइकआउट एवढे रकाने घाला, आरबीआय काढा. आकडे एका स्पर्धेचे नकोत, वर्षभराचे, शालेय, क्लब सगळे मिळून. चाळीसपेक्षा कमी वेळा बॅटिंग केलेल्या मुलीचा आकडा पेन्सिलने लिहा, म्हणजे तिच्याबाबत तुमची नजर आधी आणि आकडा नंतर हे आपोआप ठरेल.

यासाठी जुनी शीट लागतील, आणि ती सामना संपल्यावर किटबॅगच्या तळाशी जाऊन पाण्याच्या बाटलीखाली भिजतात. मानकापूर असो, रेशीमबाग असो की कॉलेजचं मागचं मैदान, सामना संपला की दोन्ही टीमच्या शीटचा फोनवर फोटो काढा आणि सामन्याची तारीख घालून ग्रुपवर टाका. बेरजा-भागाकार आम्ही स्कोअरर मंडळी करू, त्याचे पैसे मागणार नाही. फक्त अर्ज छापायला जाण्याआधी सांगा. एकदा छापून आले की पुढच्या वर्षीपर्यंत तेच संपवायचे, हे आपल्याकडचं नेहमीचं आहे.

आपला,
मैदानाच्या कडेचा एक स्कोअरर
नागपूर